तापाची नोंद, लस, पाणी आणि साथ : आरोग्य खात्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावाजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सहायक होतो. सर्वेक्षणाला घरोघर फिरताना दारात पाणी मिळायचं, कुठे चहा मिळायचा, आणि प्रश्न तर प्रत्येक दारात मिळायचे. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत, आता फोनवर येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं आपल्या देशातल्या, त्यातही बरीचशी महाराष्ट्रातल्या व्यवस्थेबद्दलची आहेत. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे मात्र तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

आशाताई दारात येऊन "कुणाला ताप आहे का" विचारते आणि नाव लिहून घेते. ते नाव जातं कुठे?

साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. तिच्या वहीतली ओळ उपकेंद्रातल्या सिस्टरकडे जाते, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, मग तालुक्याला आणि जिल्ह्याला. २००४ साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून ही साखळी पद्धतशीर चालते. आमच्या वेळी आठवड्याचा कागदी तक्ता भरून पाठवायचो. आता माहिती ऑनलाइन भरली जाते आणि जिल्ह्याच्या टेबलावर लगेच दिसते.

एका घरातल्या एका तापावरून कुणालाच काही कळत नाही. त्याच वाडीत चार दिवसांत सहा ओळी पडल्या की तक्ता पाहणारा माणूस सावध होतो. सहाही ओळी एकाच गल्लीतल्या आहेत का, सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात का, सगळी लहान मुलंच आहेत का, हे प्रश्न त्या सहा ओळींमुळे विचारता येतात. तुम्ही "कुणी नाही हो आजारी" म्हणून दार लावून घेतलंत तर सहाच्या पाच होतात, शेजाऱ्याने तसंच केलं तर चार. मग साथ कळते ती थेट रुग्णालयात खाट मिळेनाशी झाल्यावर. माझ्या मते सार्वजनिक आरोग्याचं निम्मं काम ही नोंदच आहे. औषध, फवारणी, लस हे सगळं तिच्या मागून येतं.

मग बोटातून रक्त कशाला काढतात?

मलेरियासाठी. बोटाला टोचून काचपट्टीवर दोन थेंब घेतात, एक जाड पसरतात, एक पातळ. जाड थेंबात जंतू आहे की नाही ते दिसतं, पातळ थेंबात तो कोणत्या जातीचा आहे ते. जात कळणं गरजेचं आहे, कारण गोळ्या वेगळ्या लागतात. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो, म्हणून त्यासाठी १४ दिवसांच्या वेगळ्या गोळ्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि लोक उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवून देतात. पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस पुन्हा थंडीने कुडकुडत येतो. हिवताप डासांमुळे पसरतो याचा पहिला पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्याच सिकंदराबादेत मिळाला. तेव्हापासून आजपर्यंत मलेरिया आहे की नाही हे सांगणारा खात्रीचा पुरावा रक्ताचा तो थेंबच आहे.

किती जण आजारी पडले म्हणजे साथ म्हणायची?

ठरलेला आकडा नाही. त्या गावात, त्या महिन्यात एरवी जितके रुग्ण असतात त्यापेक्षा जास्त झाले की साथ. पावसाळ्यात सर्दीचे वीस रुग्ण म्हणजे काहीच नाही. पण एखाद्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर ते एकटंच मूल सगळ्या यंत्रणेला धावायला लावायला पुरेसं आहे.

आणि कधी कधी आजारी पडणारा माणूसही नसतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. त्याकडे लक्ष गेलं म्हणून गोचिडीतून पसरणारा एक नवा विषाणू सापडला. तोच माकडताप. पुढे तो आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातही आला. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांचं रक्त पुण्याला तपासलं गेलं आणि त्यातून चांदीपुरा विषाणू कळला. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले आणि राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण समोर आला. तिन्ही वेळा कुणीतरी काहीतरी वेगळं पाहिलं आणि ते पुढे कळवलं. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका आणि लगेच आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला सांगा. ते लहान काम नाही.

साथ आली की हुकूम कुणाचा चालतो? राज्याचा की केंद्राचा?

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आजार पसरू न देणं हा केंद्र आणि राज्य दोघांचा. त्यामुळे दवाखाना चालवतं राज्य, तर लसी, टीबीची औषधं आणि राष्ट्रीय कार्यक्रमांचा बराच पैसा व नियम येतात दिल्लीहून.

कायदा मात्र फार जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, माणसं उचलून नेली. लोक आजारी माणसांना लपवू लागले. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. त्याच साथीतली दुसरी गोष्टही तितकीच लक्षात ठेवायला हवी. सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ ला गेल्या. आजार एकच होता, शहर एकच होतं. एकीकडे धाकाने घरं उघडली आणि माणसं लपली, दुसरीकडे मायेने हात दिला आणि माणसं स्वतःहून दवाखान्यात आली. सर्वेक्षणाला नव्याने लागलेल्या प्रत्येक मुलाला मी हे आधी सांगायचो, फॉर्म भरायला नंतर शिकवायचो.

हा कायदा २०२० मध्ये दुरुस्त झाला. आता साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हात टाकला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत.

टीबी झाल्याचं खाजगी डॉक्टर सरकारला का कळवतात? गावभर होईल ना?

हा प्रश्न माणसं आवाज खाली आणून विचारतात. विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर.

२०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद करणं बंधनकारक आहे. ती डॉक्टरांनी करायची, प्रयोगशाळेनेही करायची आणि २०१८ पासून औषध दुकानदारांवरही ती जबाबदारी आली. नोंद निक्षय नावाच्या सरकारी प्रणालीत होते. ती पाटीवर लागत नाही, ग्रामपंचायतीत वाचून दाखवत नाहीत. टीबीचा कर्मचारी घरी येणार असेल तर "साध्या कपड्यांत या, गाडी कोपऱ्यावर लावा" असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आम्ही कित्येकांना बाजाराच्या दिवशी केंद्रातच बोलावून घ्यायचो, म्हणजे गर्दीत कुणाचं लक्ष जात नाही.

नोंद झाली की तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, तुम्ही खाजगी डॉक्टरांकडेच उपचार घेत असलात तरी. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत जंतू औषधाला दाद देणारा आहे की नाही हेही कळतं. सकस आहारासाठी बँक खात्यात पैसे येतात. एप्रिल २०१८ पासून ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. घरातल्यांची, आधी लहान मुलांची, तपासणी होते आणि गरज असेल तर त्यांना आजार होऊ नये म्हणून आधीच औषध दिलं जातं. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. त्यातला नोंदीबाहेर राहिलेला प्रत्येक माणूस उपचाराविना खोकत राहतो आणि घरच्यांना, कामावरच्या सोबत्यांना तोच आजार देत राहतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, थुंकीतून रक्त, यातलं काहीही असेल तर थुंकी तपासून घ्या. छाती साफ असूनही टीबी असू शकतो, मानेच्या गाठीचा, मणक्याचा, पोटाचा. साधा उपचार सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यात भूक लागते, अंग भरतं, माणूस पुन्हा कामावर जातो आणि नेमकी तिथेच गोळी सुटते. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, जे उरतात ते औषधाला पुरून उरतात. तो टीबी बरा करायला कितीतरी जास्त काळ आणि कितीतरी जड औषधं लागतात. गोळ्यांनी मळमळ होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी येऊन सांगा. निक्षयचा मोफत फोन १८००-११-६६६६ आहे.

घरात टीबीचा पेशंट आहे. ताट-वाटी, अंथरूण वेगळं करायचं का?

ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. टीबी भांड्यांतून पसरत नाही, खोकल्या-शिंकल्यातून हवेत जातो. खिडक्या उघड्या ठेवा, उजेड येऊ द्या, पेशंटने तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा, थुंकी डब्यात. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्ग देण्याची शक्यता खूप कमी होते.

याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९५० च्या दशकात मद्रासला एक मोठा अभ्यास झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, चांगलं जेवण, पूर्ण विश्रांती. निम्मे आपल्या गर्दीच्या घरांत, बेताचं खाणं, औषध मात्र तेच. दोन्हीकडचे रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात आजार जास्त पसरला नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभरात टीबीच्या रुग्णाला घरापासून तोडून दूर ठेवण्याची गरज उरली नाही. म्हणून सुनेला टीबी झाला म्हणून माहेरी पाठवलं असं कुणी सांगितलं की मला आजही फार वाईट वाटतं.

डेंग्यूचे रुग्ण सापडले तरी नगरपालिका रोज धूर का सोडत नाही?

धुराने उडते डास मरतात. अळ्या मरत नाहीत. आज धूर सोडला आणि घरामागच्या टायरमध्ये अळ्या तशाच राहिल्या तर आठवड्यात नवे डास तयार. धुराचा आवाज आणि वास येतो म्हणून लोकांना काम झाल्यासारखं वाटतं, आणि त्या समाधानातच टायर तसाच राहतो.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. गटारात शोधू नका, घरात शोधा. एका सर्वेक्षणात एका घरात सगळं कोरडं होतं. पिंप झाकलेलं, माठ घासलेला, कूलर रिकामा. बाईंना खात्री होती की आमच्याकडे काही नाही. फ्रीज भिंतीपासून ओढला, मागचा ट्रे हळूच काढला आणि त्यावर टॉर्च मारला. बोटाच्या पेराएवढ्या पाण्यात वीस-पंचवीस अळ्या उजेड पडताच वळवळत तळाकडे गेल्या. त्या घरातला मुलगा चार दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून मी दारातून विचारणं सोडलं, फ्रीजमागे वाकूनच पाहायचो.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून कडा घासून काढा. रिकामं करता येत नाही त्या टाकीत गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मिळतात.

प्लेटलेट ८० हजारांवर आल्या आहेत. रक्त चढवायचं का?

फक्त आकडा पाहून नाही. डेंग्यूत धोका असतो तो शिरांमधलं पाणी बाहेर झिरपण्याचा, आणि तो बहुतेक वेळा ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात तेव्हाच लक्ष ठेवायचं असतं. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. तापाला पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका. पाणी, सरबत, पेज, ओआरएस भरपूर द्या.

बाळाची लस दोन महिने राहून गेली. आता पुन्हा पहिल्यापासून?

नाही. राहिली तिथून पुढे. कार्ड हरवलं असेल तरी घेऊन या, नोंदवहीत शोधता येतं. साधी सर्दी, किंचित ताप असेल तरी लस देता येते.

क्रम थोडक्यात असा : जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (एकाच टोचणीत पाच आजारांविरुद्धची लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस, आणि यात ठरलेल्या वेळी न्यूमोनियाची लस आणि पोलिओचं इंजेक्शन. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमारास त्याचा दुसरा डोस. पाच वर्षांनंतर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही टोचणी असते, ती सर्वांत जास्त विसरली जाते.

गोवराचा दुसरा डोस चुकवू नका हे मी हात जोडून सांगतो. "गोवर काय, देवी येते आणि जाते" असं म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवराची साथ आली आणि लहान मुलं गेली. गोवर इतका पसरतो की शंभरातल्या पाच-सात मुलांची लस राहिली तरी त्याला वाट मिळते.

उन्हातान्हात आणलेली लस चांगली आहे हे आम्हाला कसं कळणार?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईचा मला नेहमी अभिमान वाटतो. लसीच्या कुपीवर एक छोटं जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या आत पांढरट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो आणि पुन्हा फिका होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की ती कुपी बाद. सिस्टरला "मला दाखवा" म्हणा, ती दाखवेल.

लस फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, गावात बर्फाच्या पिशव्या घातलेल्या कॅरिअरमधून नेतात. काही लसींना गोठणंही चालत नाही. गोवराची आणि बीसीजीची पूड द्रावणात मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची, म्हणून कुपीवर उघडल्याची वेळ लिहिलेली असते. "दहा मुलांची कुपी एका मुलासाठी कशी फोडायची" असं म्हणून कुणी परत पाठवलं तर थांबा आणि शांतपणे सांगा की एका मुलासाठीसुद्धा ती उघडायची असते.

पोलिओ संपला ना? मग थेंब अजून का?

देशातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्यासह पूर्ण दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. पण शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून फिरतो आहे. थेंब थांबले आणि विषाणू आला तर अडवायला कुणी नसेल.

कुत्रा चावला. जखम छोटी आहे, नुसतं ओरखडलंय. काय करू?

आधी नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं फार वाटतात आणि माणूस दोन मिनिटांत थांबतो. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नका, पट्टी बांधू नका. मग थेट सरकारी दवाखाना.

ओरखडा असला, रक्त आलं नसलं तरी लस लागते. रक्त आलं असेल, किंवा कुत्र्याची लाळ तोंडाला, डोळ्याला लागली असेल तर लसीसोबत अँटी-रेबीज सिरमही लागतं, ते जखमेत आणि जखमेभोवतीच टोचतात. लस कातडीत देत असतील तर ० (पहिला दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडाच्या स्नायूत देत असतील तर त्यात १४ वा दिवसही. पोटात चौदा इंजेक्शनं देणारी ती जुनी लस देशातून वीस वर्षांपूर्वीच गेली. त्या भीतीने आजही माणसं दवाखान्याऐवजी उतारा घ्यायला जातात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्याला औषध नाही. मी एका बारा वर्षांच्या मुलाला पाण्याचा पेला पाहून आक्रसताना पाहिलं आहे. सव्वा महिन्यापूर्वीचा ओरखडा घरच्यांना आठवतही नव्हता.

पाळीव कुत्रं असलं, त्याची लस झाली आहे असं मालक म्हणत असला तरी वाट पाहू नका. पहिला डोस घ्या, चौकशी नंतर.

पुराच्या पाण्यातून चालत आलो. काही होईल का?

पायाला चिरा, जखम असेल तर लेप्टोची शक्यता असते. उंदरांच्या लघवीतले जंतू साठलेल्या पाण्यात असतात. कोकणातल्या भातशेतीत आणि पाणी तुंबलेल्या शहरांत हा आजार दर पावसाळ्यात दिसतो. पाय साबणाने धुवा आणि तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. नंतर ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं दिसलं तर पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जुलाब झाले की सलाईन लावलेलं बरं ना?

ज्याला पिता येतं त्याला बहुतेक वेळा ओआरएस पुरतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. ते पाणी आज आशाताईच्या पिशवीत पुडीच्या रूपात असतं, फुकट. एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धी-पाव करायची नाही. मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.

ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळालं म्हणजे काय झालं?

पावसाळ्याआधी आणि नंतर गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते. धोका जास्त आढळला तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, चांगलं असेल तर हिरवं कार्ड. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि पाण्याची साथ आली नाही तर चंदेरी. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे हे ग्रामसभेत विचारा. रस्त्याच्या दिव्यांवर तासभर चर्चा होते, याला पाच मिनिटं द्यायला हरकत नाही.

अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, ती का?

ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, याची खूण. सर्दी, फ्लू, डेंग्यू विषाणूमुळे होतात, त्यांच्यावर त्याचा काही उपयोग नाही.

एचआयव्ही किंवा कुष्ठरोग आहे म्हणून नोकरीवरून काढलं तर?

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यात भेदभाव करता येत नाही आणि संमतीशिवाय आजार उघड करता येत नाही. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये कायद्यातून काढलं. दोन्हींची औषधं मोफत आहेत. कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. अंगावर फिकट, लालसर, बधिर चट्टा असेल तर लपवू नका, लवकर आलात तर बोटं वाकडी होत नाहीत.

एका माणसाने कळवून काय होणार? आणि कळवायचं कुणाला?

आशाताईला, उपकेंद्रातल्या सिस्टरला, प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहरात महापालिकेच्या दवाखान्यात. राज्यात आरोग्यविषयक माहितीसाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८. कोण, किती जण, कधीपासून, पाणी कुठलं, एवढं सांगितलं तरी पुरतं. स्वतःचं नाव सांगितलं नाही तरी चालतं.

एका जुलै महिन्यात सकाळी एक बाई केंद्रात आल्या. त्यांच्या घरी कुणी आजारी नव्हतं. गल्लीतल्या तीन घरांतल्या मुलांना रात्रीपासून जुलाब होताहेत, त्यांच्या आया कामावर गेल्यात, म्हणून मी सांगायला आले, एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही गेलो तेव्हा तीनची सात मुलं झाली होती. ओआरएस वाटून झाल्यावर नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पाणी तसंच राहिलं, पांढरं स्वच्छ. दुसऱ्या घरी तसंच, तिसऱ्याही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरी मात्र पिवळं झालं. म्हणजे टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) पडत होतं, वाटेत काहीतरी बिघडलं होतं. दोन घरांच्या मध्ये गटार आडवं गेलं होतं आणि त्याखालून पाण्याची पाइप. माती उकरली तर जोडाला चिंधी गुंडाळलेली होती, कुणीतरी कधीतरी गळती थांबवायला बांधलेली. पाणी बंद असताना गटार आत ओढलं जात होतं.

पाइप बदलायला दोन दिवस गेले. तोवर टँकर लावला आणि घरोघर क्लोरीनचं द्रावण दिलं. अकरा मुलं आजारी पडली, अकराही बरी झाली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा नळी घेऊन गेलो तेव्हा त्या बाई माझ्याबरोबर प्रत्येक दारात उभ्या होत्या. शेवटच्या घरी त्यांनी थेंब स्वतःच्या हाताने टाकले, नळी उजेडाकडे धरली आणि पिवळा रंग आल्यावर शेजारणीला हाक मारून दाखवला.